मॅल्डी शिकवताना कॅथरिन फेन्सेलाऊंचं नाव आधी

आमच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये डीएमएलटीची (लॅब टेक्निशियनच्या पदविकेची) नवी बॅच आली की मॅल्डी-टॉफ, म्हणजे रेणूंच्या वजनावरून जंतू ओळखायचं तंत्र, शिकवायचं काम माझ्याकडे येतं. ट्रेनिंगच्या तयार स्लाइड्समध्ये या तंत्राचा इतिहास एका ओळीत आटोपलेला असतो: कोइची तानाका, नोबेल, २००२. तानाकांचं काम मोठंच आहे. पण बॅक्टेरिया ओळखण्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वजन मोजणारं यंत्र, वापरायचा, हे कोणाच्या डोक्यात आलं, असं मुलींनी विचारलं तर त्या ओळीत उत्तर सापडत नाही. म्हणून मी १९७५ पासून सुरुवात करते.

त्या वर्षी ‘अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री’मध्ये जॉन अनहाल्ट आणि कॅथरिन फेन्सेलाऊ यांचा निबंध छापून आला. फेन्सेलाऊ बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकवत होत्या. दोघांनी रोगजनक बॅक्टेरिया वाढवले, फ्रीज-ड्राय केले आणि ती पूड तशीच मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये घातली. अर्क काढणं नाही, शुद्धीकरण नाही. तापवल्यावर पेशींमधली फॉस्फोलिपिड्स आणि युबिक्विनोन्स ही लहान, स्निग्ध द्रव्यं वाफ होऊन बाहेर आली, आणि वेगवेगळ्या बॅक्टेरियांचे आलेख वेगवेगळे दिसले. प्रथिनांपर्यंत त्यांना जाता आलं नाही, कारण एवढे मोठे रेणू न मोडता वायुरूपात आणायची सोयच तेव्हा नव्हती. ती सोय ऐंशीच्या दशकात झाली, जपानमध्ये तानाकांकडून आणि जर्मनीत कारास आणि हिलेनकाम्प यांच्याकडून. आमच्या मशीनमध्ये चालते ती पद्धत कारास-हिलेनकाम्प यांची. नव्वदच्या दशकात अख्ख्या पेशींवर मॅल्डी करून बॅक्टेरिया ओळखायला सुरुवात झाली, तेव्हा फेन्सेलाऊ पुन्हा त्या कामात होत्याच. आलेखातली शिखरं प्रथिनांच्या डेटाबेसशी ताडून जंतू ओळखता येतो, हे दाखवणारा १९९९ चा निबंध त्यांच्याच गटाचा. अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने, एफडीएने, अशा यंत्रांना दवाखान्यातल्या तपासणीसाठी मान्यता दिली ती २०१३ मध्ये. १९७५ ते २०१३, एवढा पल्ला आहे हा.

आज आमच्या टेबलावर हे कसं होतं ते सांगते. प्लेटवरची एकच कॉलनी लाकडी टूथपिकच्या टोकावर घ्यायची आणि स्टीलच्या टार्गेटवरच्या (मशीनमध्ये जाणाऱ्या पट्टीवरच्या) ठिपक्यावर सारवायची, अगदी पातळ. जाड थर झाला की आलेख बिघडतो, हे प्रत्येक मुलीला हात धरून शिकवावं लागतं. त्यावर एक मायक्रोलिटर फॉर्मिक अ‍ॅसिड, वाळू द्यायचं. मग एक मायक्रोलिटर मॅट्रिक्स, म्हणजे लेझरची ऊर्जा शोषून घेणारं रसायन, तेही वाळू द्यायचं. ठिपक्यावर फिकट पिवळसर स्फटिक एकसारखे पसरलेले दिसले की टार्गेट आत जातं. निर्वात पोकळी तयार होते, लेझर पडतो, प्रथिनं सुटतात आणि नळीतून धावू लागतात. हलकी आधी पोचतात, जड मागून. २,००० ते २०,००० डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक) दरम्यानची शिखरं आपण वाचतो, आणि त्यातली बरीचशी रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या कारखान्याच्या, प्रथिनांची असतात. बायोकेमिकल्स, म्हणजे जंतूवरच्या रासायनिक चाचण्या, लावून जे नाव दुसऱ्या दिवशी कळायचं, ते काही मिनिटांत स्क्रीनवर येतं.

याचा अर्थ वॉर्डात काय होतो, हे कँडिडा ऑरिस या यीस्टवरून (एका प्रकारच्या बुरशीवरून) समजतं. आयसीयूतल्या पेशंटच्या ब्लड कल्चरमध्ये यीस्ट उगवलं की आमचे कान टवकारतात. जुन्या पद्धती ऑरिसला बरेचदा कँडिडा हीम्युलोनाय म्हणून मोकळ्या व्हायच्या. ऑरिस मात्र एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पसरतं आणि फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाला सहसा दाद देत नाही. डेटाबेस अद्ययावत असेल तर मॅल्डी ते पकडतं, आणि पेशंटला वेगळं ठेवायचा निरोप त्याच दिवशी जातो. मशीनच्या मर्यादाही मी सांगते. ई. कोलाय आणि शिगेला या जवळच्या बॅक्टेरियांमध्ये ते भरवशाने फरक करू शकत नाही, तिथे आपल्या जुन्या चाचण्याच लागतात.

फेन्सेलाऊंचं सगळं आयुष्य याच कामात गेलं असंही नाही. नेब्रास्कातली मुलगी, ब्रिन मॉर कॉलेजात शिकली, स्टॅनफर्डला कार्ल जेरासींकडे १९६५ मध्ये पीएचडी केली आणि साठच्या दशकातच हॉपकिन्सला आली. मेडिकल स्कूलमध्ये मास स्पेक्ट्रोमेट्रीचं माणूस नेमायचं, हेच तेव्हा नवं होतं. सायक्लोफॉस्फमाइड हे कॅन्सरवरचं औषध शरीरात गेल्यावर त्याचं काय काय होतं, हे उलगडण्यात त्यांच्या लॅबचा मोठा वाटा आहे. हे औषध आजही आपल्याकडे रोज दिलं जातं. अमेरिकन सोसायटी फॉर मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या त्या अध्यक्ष झाल्या. १९८५ मध्ये त्यांना गार्व्हन पदक मिळालं, जे अमेरिकेतल्या स्त्री रसायनशास्त्रज्ञांसाठीच आहे.

खास बायकांसाठीच्या पुरस्कारांबद्दल आमच्याकडे चहाच्या वेळी वाद होतो. मला ते हवेत असं वाटतं. त्यामुळे नावं नोंदली तरी जातात. पण ते पुरेसे नाहीत. मास स्पेक्ट्रोमेट्रीशी थेट जोडलेली नोबेल पाहिली, १९२२ चं अ‍ॅस्टन यांचं, १९८९ चं आयन ट्रॅपसाठीचं (विद्युतभारित कण अडकवून ठेवायच्या पद्धतीसाठीचं) पाउल यांचं, २००२ चं फेन आणि तानाका यांचं, तर त्यात एकही स्त्री नाही. फेन्सेलाऊंना २००२ मध्ये डावललं असं मी म्हणणार नाही. ते पारितोषिक मोठ्या रेणूंचं आयनीकरण करण्याच्या, म्हणजे त्यांना विद्युतभार देण्याच्या, पद्धतींना होतं आणि त्यांचं काम वेगळं होतं. माझं म्हणणं शिकवण्याबद्दल आहे. नोबेल कोणाला द्यायचं ते स्टॉकहोममध्ये ठरतं. वर्गात कोणाचं नाव घ्यायचं, ते माझ्या हातात आहे.

नाव टिकण्याचा एक पक्का मार्ग म्हणजे ते कामाच्या भाषेतच मिसळणं. साखरेच्या साखळ्या मशीनमध्ये तुटतात तेव्हा त्या तुकड्यांना अक्षरं द्यायची पद्धत ब्रुनो डोमॉन आणि कॅथरिन कॉस्टेलो यांनी १९८८ मध्ये मांडली. त्या क्षेत्रातली माणसं आजही ‘डोमॉन-कॉस्टेलो’ म्हणूनच बोलतात.

आमच्या मुलींना सगळ्यात जवळची वाटते ती कॅरल रॉबिन्सन. सोळाव्या वर्षी शाळा सोडून इंग्लंडमधल्या सँडविच गावी फायझरच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागल्या आणि तिथे मास स्पेक्ट्रोमीटर हाताळायला शिकल्या. नोकरी सांभाळून शिकत गेल्या, केंब्रिजला पीएचडी केली. मग तीन मुलांसाठी आठ वर्षं घरी होत्या. परत आल्या त्या ऑक्सफर्डमध्ये, कनिष्ठ जागेवर. पुढे त्यांनी दाखवून दिलं की प्रथिनांचे मोठमोठे समूह न सुटता, एकत्र बांधलेलेच मशीनमध्ये उडवता येतात. केंब्रिजमध्ये २००१ साली आणि ऑक्सफर्डमध्ये २००९ साली रसायनशास्त्राच्या पहिल्या स्त्री प्राध्यापक त्याच. ही सालं मी फळ्यावर मोठी लिहिते. केवढी अलीकडची आहेत! बाळंतपणानंतर कामावर परतायचं की नाही या विचारात असलेली एक टेक्निशियन ते आठ वर्षांचं ऐकून मला म्हणाली, “मॅडम, म्हणजे माझे दोन काहीच नाहीत.”

टेक्निशियनचा विषय निघाला की मला राग येतो, तो लपवत नाही. मी पूर्वी जिथे काम करत होते तिथे यीस्टच्या अभ्यासातलं प्रत्येक सँपल एकीनेच चालवलं होतं. निबंध छापून आला तेव्हा तिचं नाव शेवटी आभारांत, तेही चुकीच्या स्पेलिंगने. लेखकांमध्ये नाव होतं अशा माणसाचं, ज्याने टार्गेट कधी हातात धरलं नव्हतं. आता मी ज्या कामात असते तिथे मशीन चालवणारीचं नाव लेखकांच्या यादीत येतं, आणि ते कोणी काढायला सांगितलं तर मी माझंही काढते.

यंदा मॅल्डीच्या एसओपीची, म्हणजे लेखी कार्यपद्धतीची, उजळणी झाली. संदर्भांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर अनहाल्ट आणि फेन्सेलाऊ, १९७५, खंड ४७, असं मी घातलं आहे. ‘एवढं जुनं कशाला?’ असं क्वालिटी मॅनेजरनी विचारलं. मी तो निबंध छापून त्यांच्या टेबलावर ठेवला. एसओपीवर सही झाली आहे.