यादीत पुढे सरकायला ओळख लागते का?

मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत ज्यांचे नाव लागलेले असते, त्यांच्या घरची माणसे हा प्रश्न मला कधी थेट विचारतात, तर कधी आडवळणाने. थेट विचारणारे आमदारांचे पत्र आणू का, असे म्हणतात. बाकीचे ‘आमचा नंबर कितवा आला, मॅडम?’ एवढेच विचारून माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहतात. मी पुण्यातल्या एका रुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम करते. ओपीडीच्या गर्दीत या प्रश्नाला पुरे उत्तर देणे जमत नाही, म्हणून ते इथे लिहीत आहे.

आधी नंबराविषयी. बँकेतल्या टोकनासारखा ठरलेला क्रमांक इथे नसतो. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे या याद्या सांभाळतात, आणि एखाद्या मेंदूमृत रुग्णाच्या नातेवाइकांनी अवयवदानाला संमती दिली, की त्या अवयवापुरता क्रम नव्याने लावला जातो. आधी रक्तगट पाहिला जातो, मग गुण. डायलिसिसवर किती काळ काढला, वय काय, फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) करायला हातात जागा उरली आहे की नाही, अशा गोष्टींचे गुण ठरलेले असतात. रुग्णाच्या पदाला किंवा मिळकतीला गुण नाहीत. घरात दोन लहान मुले आहेत, कमावता हा एकटाच आहे, यालाही गुण नाहीत, आणि हे शेवटचे वाक्य समोरच्या बाईला सांगणे मला अजूनही जड जाते.

तरीही तो नियम बदलावा असे मला वाटत नाही. अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात 1960 च्या सुमारास दीर्घकाळ डायलिसिस करणे प्रथमच शक्य झाले, पण यंत्रे मोजकी आणि रुग्ण पुष्कळ. तेव्हा कोणाला यंत्र द्यायचे हे ठरवण्यासाठी नागरिकांची सात जणांची समिती नेमण्यात आली. तिच्यात वकील होते, धर्मोपदेशक होते, बँकवाले होते, एक गृहिणी होती. वय, उत्पन्न, मुलेबाळे, शिक्षण, समाजातले स्थान असे सगळे या सज्जनांनी विचारात घेतले, आणि त्यांची निवड आपल्यासारख्याच माणसांकडे झुकू लागली अशी टीका पुढे झाली. 1972 साली तिथल्या सरकारने कायदा करून डायलिसिसचा खर्च उचलला, तेव्हा त्या निवडीचे कारण उरले नाही. मूत्रपिंडाच्या बाबतीत मात्र कायदा करून पुरवठा वाढत नाही. जगायला जास्त लायक कोण, हे ठरवण्याचा अधिकार मला मिळाला तर मीही कदाचित नीटनेटके बोलणाऱ्यांनाच झुकते माप देईन. म्हणून गुणांचा कोरडेपणा मला परवडतो.

अवयव येतो तेव्हा पुढच्या एकाच रुग्णाला बोलावत नाहीत. क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचे रक्त दात्याच्या पेशींशी जुळते का ही तपासणी, जुळेलच याची खात्री नसते आणि मूत्रपिंड फार तास टिकत नाही, म्हणून मागच्या एकदोघांनाही उपाशीपोटी या, असे सांगितले जाते. कराडकडचा एखादा माणूस रात्री गाडी ठरवून येतो. बायकोच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत रिपोर्टची फाइल असते. पहाटे अहवाल येतो, पहिल्याचेच जुळलेले असते, आणि याला मी चहा पिऊन घ्या असे सांगते. अशा वेळी ओळखीचा संशय येणारच. दोघांमधला गुणांचा फरक मी कागदावर दाखवते. काहींना तो पटतो.

यादीच्या आत ओळख चालत नाही, हे मी खात्रीने सांगते. यादीपर्यंत पोहोचण्याविषयी तसे म्हणता येत नाही. नाव लावण्यापूर्वी हृदयाची टूडी इको, दातांची तपासणी, ऊतींची जुळणी पाहणारी एचएलए असे बरेच काही करावे लागते. मग डॉक्टर विचारतात की प्रत्यारोपणानंतर जन्मभर घ्यावयाच्या औषधांचा खर्च झेपेल का. प्रश्न योग्यच आहे, कारण गोळ्या बंद पडल्या तर मूत्रपिंड जाते. पण ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून गेलेला माणूस बहुधा परत येत नाही, आणि त्याला कोणी नाकारले अशी नोंद कुठेही होत नाही. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेतून डायलिसिस मोफत होते. आठवड्यातून दोन-तीनदा तालुक्याला जाण्याचे भाडे आणि बुडालेला रोज मात्र ज्याचा त्याला सोसावा लागतो.

त्यातच, दाता ज्या रुग्णालयात असतो त्याला प्रत्यारोपणाची मान्यता असेल तर एक मूत्रपिंड सहसा त्याच्याच यादीला मिळते आणि दुसरे सगळ्या रुग्णालयांच्या सामाईक यादीत जाते. म्हणजे नाव कोणत्या रुग्णालयात लावले यावर वाट पाहण्याची वर्षे ठरू शकतात, आणि नाव तर एकाच ठिकाणी लावता येते. ही गोष्ट ठाऊक असणे, हीच खरी ओळख.

बायकांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. नवऱ्याला मूत्रपिंड देणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. बायकोला देणारे नवरे मोजके. पुरुषाला घरातच दाता सापडतो आणि बाई यादीत थांबते, तेही तिचे नाव लावलेच तर. स्त्री रुग्णांना वाटपात प्राधान्य द्यावे, अशी सूचना अवयव प्रत्यारोपणाच्या राष्ट्रीय संस्थेने म्हणजे नोट्टोने 2025 साली राज्यांना केली. मला ती योग्य वाटते, परंतु ज्या बाईची तपासणीच झालेली नाही तिला ते जास्तीचे गुण द्यायचे कसे?

मुळात वाटायलाच फार थोडे आहे. 2023 साली देशभरात मेंदूमृत दात्यांची संख्या जेमतेम अकराशेच्या आसपास होती.

म्हणून आमदारांच्या पत्रासाठी हेलपाटे घालण्याऐवजी मी नातेवाइकांना दोन कामे सांगते. तपासण्यांची मुदत संपली की नाव यादीत असूनही निष्क्रिय होते, आणि अवयव आला तरी फोन येत नाही. तेव्हा आपले नाव आज सक्रिय आहे का, हे समन्वयकाला दर काही महिन्यांनी विचारावे. आणि नाव लावण्याआधी त्या रुग्णालयात गेल्या वर्षी मेंदूमृत दात्यांकडून किती मूत्रपिंडे बसवली गेली, तेही विचारावे. सांगायला आम्ही कुरकुरतो, तरी विचारावे.