क्रूगरमधला वसंत

आज पहाटेच्या सफारीत पुन्हा पटलं, क्रूगर राष्ट्रीय उद्यान बघावं तर सप्टेंबरात. दक्षिण आफ्रिकेचा हा वसंत म्हणजे कोरड्या हंगामाचं शेपूट. गवत खुरटलेलं, झुडपं उघडीबोडकी, प्राणी उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर. उघड्या जीपमध्ये पहाटे थंडी वाजते, जाड जॅकेट हवंच. इम्पाला हरणांची पिल्लं मात्र नोव्हेंबरच्या आसपास.

गेंड्याचा फोटो टाकताना लोकेशन काढा, पाणवठ्याचं नावही नको. चोरटे शिकारी तेच हुडकतात. बिनशिंगी गेंडा बघून हळहळू नका. शिकाऱ्यांपासून वाचवायला, भूल देऊन, मुळाचा जिवंत भाग राखून शिंग मुद्दाम कापतात. ते नखासारखं वाढतं, म्हणून दीड-दोन वर्षांनी पुन्हा कापावं लागतं. खर्चिक काम आहे!

लॉजवाल्यांना आधी विचारा, सिंहाचे छावे हाताळायला मिळतात का? ‘हो’ म्हणाले तर बुकिंग रद्द, तो छाव्यांचा छळच.