तुम्ही विचारलंत म्हणून : खलनायकांचे हात

घरी येणारं कुणी ना कुणी कपाटाच्या खालच्या खणातला कॉमिक्सचा गठ्ठा बघतं आणि विचारतं, "पन्नाशी उलटली तरी हे वाचता? आणि बघावं तेव्हा तुमच्यासमोर व्हिलनचंच पान कसं हो उघडलेलं असतं?" चहा येईपर्यंत मी थोडंफार सांगतो, मग विषय बदलतो. आज नीट सांगतो.

मी छपाईच्या धंद्यातला माणूस. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये ऑफसेट मशीनवर उमेदीची सगळी वर्षं गेली. आमचे अण्णा त्याच वागळेतल्या एका कारखान्यात वायरमन होते. मी शाळेत असताना घरी मराठी इंद्रजाल कॉमिक्स यायची. वेताळ आणि मॅन्ड्रेक तोंडपाठ होते, पण वेताळाने लोळवलेल्या चाच्यांपैकी एकाचाही चेहरा आज डोळ्यांसमोर येत नाही. अमेरिकन कॉमिक्स मिळायची ती जांभळी नाक्याजवळच्या एका रद्दीवाल्याकडे, कधी मुखपृष्ठ फाटलेली, कधी मधलीच पानं गायब.

तिथेच मला स्पायडर-मॅनच्या ९व्या अंकाचं पुनर्मुद्रण सापडलं. मूळ अंक १९६४चा. चित्रं स्टीव्ह डिटको यांची, संवाद स्टॅन ली यांचे. त्यात मॅक्स डिलन नावाचा लाइनमन आहे. विजेच्या खांबावर एक सहकारी अडकलाय. साहेब डिलनला वर चढायला सांगतो, आणि डिलन आधी शंभर डॉलर मागतो. पैसे कबूल झाल्यावरच चढतो. त्या माणसाला सुखरूप खाली सोडतो, आणि तारा हातात असतानाच वीज कोसळते. तिथून त्याचा इलेक्ट्रो होतो, अंगातून वीज फेकणारा खलनायक.

माझं इंग्रजी तेव्हा अडखळत चालायचं, अण्णांचं त्याहून जास्त. पण त्यांनी अंक माझ्या हातातून घेतला, खिडकीपाशी उजेडात नेला आणि ते पान बराच वेळ बघत राहिले. "तारा कशा धरल्यात बघ याने," म्हणाले. मी गोष्ट सांगितली तसे थबकले. "वर माणूस लटकलेला असताना पैसे मागितले?" अंक ठेवून दिला, हात धुवून आले, जेवायला बसायच्या आधी पुन्हा तेच पान उघडलं. "पण उतरवलं ना त्याला," एवढंच म्हणाले. शेवटाकडे स्पायडर-मॅन रबरी हातमोजे आणि रबरी बूट घालून येतो आणि आग विझवायच्या नळाने इलेक्ट्रोवर पाण्याचा मारा करतो, ते पान बघून मात्र अण्णा खुलले. "हे बरोबर. आधी हातमोजे."

तेव्हापासून खलनायकाचं पान उघडलं की मी आधी त्याचे हात बघतो. आणि हात बघायला लागलो तसं लक्षात आलं की डिटकोचे कितीतरी खलनायक हातात कसब असलेली माणसं आहेत. इलेक्ट्रो लाइनमन. डॉक्टर ऑक्टोपस प्रयोगशाळेत यांत्रिक हातांनी धोक्याची द्रव्यं हाताळणारा शास्त्रज्ञ; एका स्फोटात ते चार हात त्याच्या अंगालाच चिकटले. मिस्टीरिओ सिनेमात ट्रिकची दृश्यं करणारा कारागीर, आपलं नाव कुणाला माहीत नाही ही त्याची सल. ६व्या अंकातला लिझर्ड, म्हणजे सरडा-माणूस, हा मुळात डॉक्टर कॉनर्स, युद्धात उजवा हात गमावलेला सर्जन. त्याची रिकामी बाही, मग औषध घेतल्यावर उगवलेला नवा हात, तो डोळ्यांसमोर धरून बघणारा माणूस, आणि मग त्याच हातावर खवले. सर्जनला स्वतःचा हात परत हवा होता, याहून मोठी इच्छा त्याची नव्हती. मी आजही त्या चौकटींवरून घाईने पुढे जाऊ शकत नाही.

ही ताकद चित्रांत कुठून आली, त्याला कामाची एक पद्धत कारण आहे. स्पायडर-मॅन काढणाऱ्या मार्व्हल कंपनीत तेव्हा गोष्टीची रूपरेषा ठरली की चित्रकार आधी पानं काढायचा, संवाद नंतर भरले जायचे. २५व्या अंकापासून तर कथानकाचं श्रेयही डिटकोंच्या नावावर छापलं गेलं. म्हणजे गोष्ट आधी चित्रांतूनच उभी राहत होती. संवादांच्या फुग्यांवर बोट ठेवून बघा, तरी सगळं कळतं. (संवाद फार आहेत असं मला नेहमी वाटतं. मारामारी चालू असताना कुणी इतकं बोलत नाही.) १९६६च्या ३३व्या अंकात ऑक्टोपसच्या पाण्याखालच्या अड्ड्यात स्पायडर-मॅन एका अवजड यंत्राखाली सापडतो. वरून पाणी ठिबकतंय, त्याच्या आजारी मे काकूंचं औषध हाताच्या अंतरावर पडलंय. चौकट पानागणिक मोठी होत जाते आणि शेवटी अख्खं पान भरून तो ते यंत्र उचलतो. त्याच वर्षी ३८व्या अंकानंतर डिटको ती मालिका सोडून गेले.

आता रंगांचं, कारण ते माझं घर आहे. छपाईच्या शाया तीन: सायन म्हणजे आकाशी निळा, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, आणि पिवळा. प्रत्येकाच्या हलक्यापासून गडदपर्यंत तीनच छटा, किंवा ती शाई अजिबात नाही. सगळ्या जोड्या जमवून रंग होतात ६४. नायकांना लाल-निळा जाई, खलनायकांच्या वाट्याला बहुधा हिरवा आणि जांभळा. ग्रीन गॉब्लिन, मिस्टीरिओ, तिकडे बॅटमॅनचा जोकर, सगळे त्याच डब्यातले. हल्क १९६२च्या पहिल्या अंकात करडा होता. छापताना तो करडा पानापानाला बदलायला लागला, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा झाला. करडा रंग सांभाळताना आमच्या मशीनवर मी किती कागद वाया घालवलाय ते आठवलं की त्या छापखान्यातल्या माणसांबद्दल मनापासून आपुलकी वाटते.

नवी जाडजूड पुनर्मुद्रणं येतात, मीही घेतली आहेत. पांढऱ्याशुभ्र गुळगुळीत कागदावर तेच रंग अंगावर येतात. मूळ रंग निवडले होते ते पिवळट, शाई पिणाऱ्या कागदासाठी. तिथे ठिपका थोडा पसरतो, कडा मऊ होते, हिरव्याचा भडकपणा जातो. चकचकीत कागदावर इलेक्ट्रोचा हिरवा पोशाख नुसता प्लास्टिकसारखा दिसतो. माझ्या रद्दीतल्या अंकात रजिस्टर, म्हणजे एका रंगावर दुसरा रंग नेमका बसणं, जरा सरकलंय, त्यामुळे त्याच्या बाहीच्या कडेला पिवळ्याची बारीक रेघ सुटलीय. भिंगातून बघितलं तर वीज अंगातून बाहेर झिरपतेय असं वाटतं. ती चूक आहे हे मला कळतं, तरी मला तेच पान हवं असतं.

सुरुवात कुठून करू, असंही विचारता. ९व्या अंकापासून करा. खांबावरच्या चौकटी आधी नुसत्या बघा, वाचा नंतर. माझा अंक बघायला देईन, पण इथेच बसून बघावा लागेल. कागद आता घडी पडली की तुटतो. भिंग टेबलाच्या खणात आहे, आणि अण्णा धरायचे तसा अंक खिडकीपाशी धरा, तिथे उजेड चांगला येतो.