डॉल्फिनला श्वासाची घाई, खोलातल्या शार्कला कसलीच नाही

डॉल्फिन आणि शार्कचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तर अंगकाठी इतकी सारखी दिसते की दोघं एकाच घरातले असतील असं वाटतं, पण शेपटी बघितली की लगेच कळतं. डॉल्फिनची शेपटी आडवी असते आणि वरखाली हलते, शार्कची उभी असते आणि डावीउजवीकडे. डॉल्फिनचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी फिरायचे, पळताना पाठ जशी वरखाली वाकते ना, तीच सवय पाण्यात गेल्यावरही राहिली. शार्क मात्र 40 कोटी वर्षांहून जास्त काळ समुद्रातलेच.

डॉल्फिन राहतो पाण्यात पण जगतो हवेवर. श्वासासाठी त्याला सारखं वर यावं लागतं, झोपेतसुद्धा, म्हणून मेंदूची एक बाजू झोपते तेव्हा दुसरी जागी असते! खोल समुद्रातल्या शार्कला कल्ले असतात, वर यायचं कामच नाही. तिथे अंधार, थंडी आणि खाणं कमी, त्यामुळे सगळंच सावकाश चालतं. लँटर्न शार्कचं तर पोट मंद उजळतं, म्हणजे खालून बघणाऱ्याला त्याची सावलीच दिसत नाही.

पण मला खरं हलवून टाकलं ते ग्रीनलँड शार्कने. 2016 साली शास्त्रज्ञांनी डोळ्याच्या भिंगातल्या कार्बनवरून वय काढलं तर सगळ्यात मोठ्या मादीचं वय आलं अंदाजे 392 वर्षं, आणि 120 वर्षं इकडेतिकडे धरली तरी कमीत कमी 272. मादी पिल्लं द्यायच्या वयात येते तीच साधारण 150 व्या वर्षी.

आता हे डोक्यात ठेवून विचार करा, अशी एक मादी जाळ्यात मेली तर तिची जागा भरायला किती काळ जाईल. डॉल्फिन जाळ्यात अडकला की लोक हळहळतात, आणि हळहळायलाच हवं, पण खोलातल्या शार्कसाठी कोण रडतं? बऱ्याच माशांना तरंगायला असते तशी हवेची पिशवी त्यांना नसते, तेलाने भरलेलं भलंमोठं लिव्हर त्यांना बुडू देत नाही, आणि त्याच तेलातल्या स्क्वालीनसाठी त्यांना पकडतात, ते कॉस्मेटिक्समध्ये जातं. तेच ऑलिव्ह किंवा उसापासूनही बनतं, त्यामुळे क्रीम घेताना ते कशापासून काढलंय हे मी आता आधी विचारते.