आधी गोळ्या, मग चहा

मी आशा, म्हणजे वस्तीतली आरोग्य स्वयंसेविका. आमच्या वस्तीच्या महिला आरोग्य समितीत १२ बायका आहेत. वर्षाला सरकारकडून ५,००० रुपये येतात, मागे त्यातून सतरंज्या घेतल्या. फोटोच्या दिवशी बाराही जणी हजर. टीबीच्या एका पेशंटला रोज गोळ्या द्यायला कोण येईल, असं विचारलं तेव्हा एकीला गुडघे आठवले, दुसरीला सून.

पेशंट साताऱ्याकडचा, भाजी मार्केटात गोणी उचलणारा. नवी मुंबईत तुर्भे स्टोअरच्या वस्तीत एका खोलीत आठ जण राहायचे. त्याचं काम पहाटेचं. मी अकराला पोचायचे तेव्हा हा झोपेत, उशाखालून रिकामी पाकिटं काढून दाखवायचा. पाकिटं फोडून गोळ्या गटारात टाकणारे मी पुष्कळ पाहिलेत, म्हणून विचारलं, लघवी लाल होते का? रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध पोटात गेलं की ती केशरी-लाल होतेच. तो म्हणाला, "नाही ताई, एकदम साफ होते." सापडला! खोलीत कळेल म्हणून घेत नव्हता.

डॉक्टरांनी पुन्हा गोळ्या सुरू केल्या. त्या रोज समोर द्यायला आशाच हवी असं नाही, पेशंटच्या भरवशाचं कुणीही चालतं. मार्केटच्या गेटाबाहेर टपरीवाल्या मावशी पहाटे तीनला स्टोव्ह पेटवतात. त्यांना सांगू का, विचारलं. त्यानं मान डोलावली. नुकताच सापडलेला माणूस मान डोलावणारच. मावशी म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यालाही झाला होता. आण इकडं." पाकीट साखरेच्या डब्यामागे. आधी गोळ्या, मग चहा. सहा महिन्यांत एक दिवस चुकला नाही. मार्केट बंद असलं तर मावशी खोलीवर जायच्या.

पण टपरी ती टपरीच. महिन्याभरात चहा पिणारे हमालही विचारू लागले, "घेतल्यास का रे?" प्रेमानंच. आणि खानावळीत त्याचं ताट वेगळं झालं. टीबी ताटातून होत नाही, श्वासातून होतो, हे मी खानावळवालीला दोनदा सांगून आले. ताट वेगळंच राहिलं.

शेवटचा बेडका तपासला, साफ. उपचार पूर्ण झाल्यावर मिळणारे १,००० रुपये मावशींच्या नावानं लावले. वरच्या ऑफिसात मात्र लोकसहभाग म्हणून बैठका आणि फोटोच मोजतात, टपरीला त्या फॉर्मात रकाना नाही.

तो हल्ली दोन टपऱ्या सोडून पलीकडे चहा पितो. मी पाहिलंय. परवा मावशींनी विचारलं, "पोरगं दिसत नाही गं, बरं आहे ना?"

त्याची पाळी बदलली, असं सांगितलं मी.