टोकियोची ट्राम आणि अजिंठ्याची हारीती

भारतातून पाहुणे आले की यादी ठरलेली असते: शिबुयाचा चौक, असाकुसाचं देऊळ, स्कायट्री, आणि हवा चांगली असली तर फुजी. हल्ली मी त्या यादीतला एक दिवस सरळ कापतो आणि पाहुण्यांना ट्राममध्ये बसवतो. आई आणि मावशी आल्या तेव्हाही तेच केलं.

तोदेन आराकावा लाइन. मिनोवाबाशी ते वासेदा, १२.२ किलोमीटर, ३० थांबे, एकच डबा. एके काळी इथे ट्रामचं दोनशे किलोमीटरहून मोठं जाळं होतं. मोटारी वाढल्या तसं १९६७ ते १९७२ या काळात ते गुंडाळलं. त्यातली हीच वाचली, कारण हिचे बहुतेक रूळ रस्त्यातून नव्हे, घरांच्या मागच्या अंगाने जातात. मोटारींचं तिच्यामुळे काही अडत नव्हतं. आपल्या मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. तिला अशी परसदारची वाट कुठून मिळायची!

२०१७ पासून हिला ‘टोकियो साकुरा ट्राम’ म्हणतात. नाव पर्यटकांसाठी. जुन्या लोकांच्या तोंडी ‘चिंचिन देन्शा’च, सुटताना घंटा दोनदा वाजते म्हणून. पुढून चढायचं, आधी पैसे टाकायचे, कुठेही उतरा, भाडं तेच. डब्यात सुटाबुटातले कमी, काठीवाल्या आज्याच जास्त. बाहेर कुणाची मोरीची खिडकी, कुणाच्या कुंड्या, कठड्यावर वाळत टाकलेल्या गाद्या. आसुकायामापाशी मात्र ती मोटारींच्या गर्दीत शिरून चढावर वळते. तिथल्या टेकडीवर उद्योगपती शिबुसावा एइइची राहायचे, हल्लीच्या १०,००० येनच्या नोटेवरचे. १८९३ साली मुंबई-जपान थेट बोट सुरू झाली, त्यामागे हे आणि जमशेटजी टाटा होते.

कोशिनझुकाला उतरलं की सुगामोची बाजारपेठ. हाराजुकु तरुणांचं, तर सुगामो आज्यांचं, असं इथे म्हणतात. लाल अंतर्वस्त्रांचं एक आख्खं दुकान आहे. लाल कापडाने अंगात ऊब राहते असा समज. मावशी तिथून हलेना. पुढे कोगानजी देवळात कान्नोनची, म्हणजे करुणेच्या बौद्ध देवतेची, एक मूर्ती आहे. आपलं जे दुखतं, मूर्तीचं तेच अंग पाणी ओतून ओल्या फडक्याने पुसायचं. आधी लोक ब्रशने घासायचे, त्यात मूर्ती झिजली. १९९२ मध्ये नवी बसवली आणि फडकी आली. रांग बरीच होती. मावशीने गुडघा पुसला, मग पुढच्या आजीने खुणेनेच सुचवलं म्हणून कंबरही.

पण माझा खरा डाव किशिबोजिनमाए थांब्याचा होता. झेल्कोव्हाच्या जुन्या झाडांमधून देवळाकडे वाट जाते. आवारात काही शतकांचा गिंको वृक्ष, त्याच्याजवळ पोरांच्या गोळ्या-बिस्किटांचं एक खोपटंवजा दुकान, १७८१ पासूनचं म्हणतात. देऊळ १६६४ चं, आणि देवी कोण? किशिबोजिन, म्हणजे आपली हारीती. दुसऱ्यांची मुलं पळवून खाणारी यक्षिणी. बुद्धाने तिचं धाकटं पोर भिक्षापात्राखाली लपवलं, तेव्हा तिला आईचं दुःख कळलं आणि ती मुलांची राखणदार झाली. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ती नवऱ्याशेजारी, पांचिक यक्षाशेजारी, बसलेली आहे. खालच्या पट्टीत छडी घेतलेले गुरुजी कोरलेत, पुढची पोरं अभ्यासात आणि मागची एडक्यांशी खेळण्यात दंग. आपण तिथे पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघून इतके भारावतो की हिच्यापुढून तसेच निघून जातो. इथे मात्र तिला अजून नवस बोलतात. सून गरोदर असली की सासू येते, बाळ झालं की सगळं घर येतं.

देवीचं चिन्ह डाळिंब. नवसाच्या लाकडी पाट्यांवर डाळिंबच रंगवलेलं. आई सांगोल्याची, माहेरी डाळिंबाची बाग. यक्षिणीची गोष्ट तिने नीट ऐकून घेतली, मग पाटी हातात धरून रंग निरखला, डाळिंबाची जात ओळखली आणि मावशीला म्हणाली, “भगवा नाही गं हा. गणेश असणार.”