थारची उंची वाढवण्यापूर्वी

पाटोद्याच्या पुढे बालाघाटाच्या उतारावर आमचे शेत आहे. तिथवर जाणारी वाट ट्रॅक्टरच्या चाकांनी इतकी खोल गेली आहे, की माझ्या २०१४ च्या महिंद्रा थारचे पोट पावसाळ्यात मधल्या वरंब्यावर घासत असे. गाडी उचलून घ्यायची एवढेच मी ठरवले होते. कशी आणि किती, हा विचार दर ऐकल्यावर सुरू झाला.

छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानात गाडी दोन इंच उचलणारा सस्पेन्शनचा पूर्ण संच सुचवण्यात आला, ज्याची किंमत चार नव्या टायरांहून अधिक होती. स्वस्तातला पर्याय म्हणून लांब शॅकल, म्हणजे स्प्रिंगच्या पाट्याचे एक टोक गाडीच्या सांगाड्याला (चेसीला) जोडणाऱ्या पट्ट्या, दाखवण्यात आल्या. पण शॅकल दोन इंचांनी लांबवली तरी गाडी साधारण एकच इंच उचलली जाते, कारण पाट्याचे दुसरे टोक जागचे हलत नाही. शिवाय एक्सल (चाकांचा आस) किंचित फिरून त्याच्याकडे इंजिनाची ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यावर, क्रॉसवर, ताण येतो. मी काहीही न घेता परतलो.

घरी गाडी सपाट फरशीवर उभी करून चाकाच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांना मोजले आणि एका स्नेह्याच्या, तुलनेने कमी राबलेल्या थारशी ताडून पाहिले. माझी गाडी मागून सव्वा इंच बसलेली निघाली. खताच्या गोण्या आणि सोयाबीनचे कट्टे वर्षानुवर्षे वाहून पाटे सपाट झाले होते. जी उंची विकत घ्यायला निघालो होतो, तिच्यातली निम्मीअधिक माझीच घालवलेली होती.

मग गाडीखाली शिरलो. घासल्याचे व्रण चेसीला नव्हते, मागच्या डिफरन्शियलच्या हाऊसिंगला, म्हणजे एक्सलवरच्या गिअरच्या डब्याला होते, आणि दुकानात हा विषय कुणी काढलाच नव्हता. सस्पेन्शन उचलल्याने चेसी आणि बॉडी वर जाते. मागचे हाऊसिंग एक्सलबरोबर जिथल्या तिथे राहते आणि ते फक्त मोठ्या टायरनेच उचलले जाते. २३५/७० आर१६ ऐवजी २४५/७५ आर१६ टायर घातले, तर व्यास सुमारे ३८ मिलिमीटरने वाढतो आणि हाऊसिंगखाली त्याच्या निम्मे, म्हणजे १९ मिलिमीटर मिळतात. स्पीडोमीटरवर ६० दिसत असताना गाडी ६३ ने धावते, हे मात्र लक्षात ठेवावे लागते.

एका मित्राचा आग्रह चार इंचांचा होता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, म्हणून तो मोह सोडला आणि टायरबाबतही विमा कंपनीला आधी लेखी विचारून घेतले.

शेवटी बीडच्या एका मिस्त्रींकडून मागच्या पाट्यांना कमान देऊन एक नवा पाटा वाढवून घेतला. पुढच्या चाकांना टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे असतात; त्यांचा बोल्ट आवळून गेलेली उंची तेवढी परत मिळवली. तो अधिक आवळला असता, तर चाकाला खाली उतरायला जागा उरली नसती आणि चाक फिरवणाऱ्या सीव्ही जॉइंटवरचे रबरी बूट लवकर फाटले असते. त्यानंतर अलाइनमेंट आणि हेडलाइटचा कोन ठीक करून घेतला, ब्रेकचा होज ताणला जात नाही ना हेही पाहिले. टायर तसेही झिजलेलेच होते, म्हणून ते मोठ्या मापाचे घातले.

रिकामी गाडी आता वरंब्यावरून सुखाने जाते. सहा गोण्या टाकल्या की अजूनही एके ठिकाणी टेकते, त्यामुळे खत मी हल्ली ट्रॅक्टरने आणवतो.